आधी प्ले शोधा, मग पैसे घाला
जुन्या पिकअपच्या स्टिअरिंगबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

काकांची पिकअप टोमॅटोच्या दोन हंगामांपासून लाईन सोडत होती. नारायणगावला क्रेट भरायचे, आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरायचा आणि कल्याण गाठायचं, हा तिचा ठरलेला रस्ता. सरळ रस्त्यावरसुद्धा स्टिअरिंग सतत डावी-उजवीकडे हलवत राहावं लागायचं. चार जाणत्यांनी चार उपाय सांगितले होते: स्टिअरिंग बॉक्स बदला, बॉक्सवरचा स्क्रू आवळा, डॅम्पर लावा, पॉवर स्टिअरिंगच बसवून टाका. काकांनी पॉवर स्टिअरिंगसाठी पैसे बाजूलाही काढून ठेवले होते.

आमच्या मिस्त्रींनी मात्र आधी एक पैसाही खर्च करू दिला नाही. मला आत बसवलं आणि ते गाडीखाली गेले. "फार फिरवू नकोस. मोकळं हलतंय तेवढंच डावीकडे-उजवीकडे हलव," म्हणाले. पाच मिनिटांत बाहेर आले आणि त्यांनी चार जागी खडूने फुल्या मारल्याचं सांगितलं. बॉक्सवर एकही फुली नव्हती.

ही कथा एकट्या काकांची नाही. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली. समोर अखंड ॲक्सल, त्याला पाटे आणि सांध्यांच्या साखळीने चाकं वळवणारा स्टिअरिंग बॉक्स, ही जीपची घडण पुढे आपल्याकडच्या अनेक पिकअपमध्ये वर्षानुवर्षं टिकली. अशा हजारो गाड्या आजही भाजी, दूध, कांदा आणि विटा वाहतात. त्यांच्या स्टिअरिंगवर खर्च करण्याआधी काही समज तपासून घ्यायला हवेत, कारण इथे चूक झाली तर पैशाबरोबर जीवही जातो.

गैरसमज १: प्ले आला म्हणजे स्टिअरिंग बॉक्स गेला

वस्तुस्थिती: प्ले, म्हणजे चाकं न वळता स्टिअरिंगचं मोकळं फिरणं, ही साखळीतल्या सगळ्या सांध्यांच्या झिजेची बेरीज. आपण स्टिअरिंग फिरवतो, तेव्हा कॉलमचा दांडा फिरतो, त्याखालचं कपलिंग बॉक्सला फिरवतं, बॉक्स पिटमन आर्म हलवतो, पिटमन आर्म ड्रॅग लिंकला ढकलतो. ड्रॅग लिंक एका चाकाचा नकल, म्हणजे चाक धरणारा वळता भाग, वळवते आणि टाय रॉड ते वळण दुसऱ्या चाकाकडे नेतो. दोन्ही नकल किंगपिनवर फिरतात. या प्रत्येक जागी केसभर झीज झाली, तरी स्टिअरिंगच्या कडेवर ती बोटभर दिसते.

म्हणून मिस्त्रींनी केली ती चाचणी सगळ्यात महत्त्वाची. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन त्यांच्यावर, एक जण आत स्टिअरिंग हलवतोय आणि दुसरा खाली प्रत्येक सांध्यावर हात ठेवून बघतोय. सांध्याची एक बाजू हलली आणि दुसरी जागीच राहिली, की दोष तिथे. काकांच्या गाडीत ड्रॅग लिंकचं एक टोक आणि टाय रॉडची दोन्ही टोकं अशी निघाली. हाताला टक्‌टक् लागत होती.

चौथी फुली किंगपिनवर होती. तिच्या खात्रीसाठी ॲक्सल जॅकवर घेतला, चाक वरून आणि खालून धरलं आणि आत-बाहेर हलवलं. चाक हललं. मग मला ब्रेक दाबायला सांगितला. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं, तर दोष हबच्या बेअरिंगचा. थांबलं नाही, तर किंगपिनचा किंवा त्याच्या बुशचा. आमचं थांबलं नाही.

आणखी एक जागा हमखास सुटते. बॉक्स चेसिसला जिथे बोल्टने बसवलेला असतो, तिथे जुन्या गाड्यांत बोल्ट ढिले होतात, कधी चेसिसलाच बारीक तडा जातो. मग बॉक्स ठणठणीत असूनही तो जागेवरच डुलतो. माती आणि जुनं ग्रीस खरवडून ती जागा स्वच्छ केल्याशिवाय तडा दिसत नाही.

गैरसमज २: बॉक्सवरचा स्क्रू आवळला की प्ले जातो

वस्तुस्थिती: या सल्ल्याने नुकसान फार होतं. रीसर्क्युलेटिंग बॉल प्रकारच्या बॉक्समध्ये वर्मवर एक नट सरकतो, दोघांच्या खाचांमध्ये पोलादी गोळ्या फिरत असतात आणि नटाचे दाते सेक्टर शाफ्टचे दाते फिरवतात. वरचा स्क्रू हे दाते एकमेकांच्या किती जवळ यावेत ते ठरवतो. पण दात्यांची घडणच अशी असते की चाकं सरळ असताना ती पकड सर्वांत घट्ट आणि वळणावर किंचित सैल असावी. चाकं वळलेली असताना स्क्रू आवळला, तर सरळ येताना बॉक्स अडकतो. तो अडकला की वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. घाटात याचा अर्थ काय होतो, तो सांगायला नको.

आयुष्यभर गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, त्यामुळे दाते मधोमध जास्त झिजतात. मधली झीज भरून काढायला स्क्रू आवळला, तर न झिजलेल्या बाजू जाम होतात. थोडं समायोजन करता येतं, पण ते चाकं सरळ ठेवून, ड्रॅग लिंक सोडवून आणि उत्पादकाने सांगितलेल्या मापानेच. त्यानेही भागलं नाही, तर बॉक्स खोलून दुरुस्त करणं किंवा बदलणं हाच मार्ग.

गैरसमज ३: पॉवर स्टिअरिंग बसवलं की सगळे त्रास संपतात

वस्तुस्थिती: पॉवर स्टिअरिंग हाताचे कष्ट कमी करतं, प्ले कमी करत नाही. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी अभियंत्याने १९२६ साली हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग एका गाडीवर बसवून दाखवलं आणि १९५१ साली क्रायस्लरने इंपीरियल मोटारीत ते बाजारात आणलं. तेव्हापासून त्याचं मूळ काम एकच आहे: पंपाने दाब दिलेल्या तेलाने चालकाच्या हाताला जोर पुरवणं.

तो जोर झिजलेल्या सांध्यांवरही पडतो. आधी चालकाच्या हाताला जड लागायचं, म्हणून तो जपून फिरवायचा. आता उभ्या भरलेल्या गाडीची चाकं एका बोटाने वळतात आणि सगळा भार ड्रॅग लिंक, टाय रॉड आणि बॉक्सच्या बोल्टांवर येतो. वर हातातली सूचनाही हलकी होते. चाकांत काय चाललंय, ते आधी हाताला कळायचं, आता कमी कळतं. म्हणून पॉवर स्टिअरिंग ही शेवटची पायरी, पहिली नव्हे.

बसवायचंच असेल, तर त्याच मॉडेलच्या पॉवर स्टिअरिंग आवृत्तीचा पूर्ण संच घ्यावा: बॉक्स, पंप, ब्रॅकेट, पुली, पाइप. एका गाडीचा पंप आणि दुसऱ्या गाडीचा बॉक्स जोडला की दाब आणि प्रवाह जुळत नाहीत. तेल उत्पादकाने सांगितलेलंच घाला. पंप घरघरला, तर बहुधा तेलात हवा शिरली आहे किंवा पातळी खाली गेली आहे. स्टिअरिंग टोकापर्यंत नेऊन तसंच धरून ठेवू नका. तिथे तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून फिरत राहतं आणि पटकन तापतं.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल मालकाला गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधल्या निकालात ही भूमिका ठामपणे मांडली. म्हणून संच विकत घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या.

गैरसमज ४: स्टिअरिंग थरथरतं, तर डॅम्पर लावावा

वस्तुस्थिती: ठरावीक वेगाला समोरची चाकं हादरू लागली आणि वेग कमी केल्यावरच थांबली, तर कुठेतरी सैलपणा आहे: टाय रॉडची टोकं, किंगपिन, हबची बेअरिंग, बिघडलेलं व्हील बॅलन्सिंग किंवा चुकीचं कास्टर, म्हणजे किंगपिनचा कल. डॅम्पर हा हादरा शोषतो, त्याचं कारण दूर करत नाही. नवा डॅम्पर काही दिवस आजार झाकतो, तेवढ्यात सांधे आणखी झिजतात आणि एक दिवस डॅम्परलाही तो हादरा आवरत नाही. सगळे सांधे घट्ट झाल्यावर खड्ड्यांचे धक्के सौम्य करायला डॅम्पर जरूर लावा.

गैरसमज ५: पाट्याच्या गाडीला अलाइनमेंट लागत नाही

वस्तुस्थिती: लागतं. टो-इन म्हणजे दोन्ही चाकांचे पुढचे भाग किंचित आत वळलेले असणं. ते टाय रॉडच्या लांबीने ठरतं. समायोजनाच्या सोयीसाठी एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्याला डावे आटे ठेवलेले असतात, म्हणजे मधला भाग फिरवला की लांबी बदलते. टायरची एक कड करवतीसारखी झिजत असेल, तर आधी टो-इन बघावं.

कास्टर समजून घ्यायला सायकल बघा. तिचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, वरच्या बाजूने मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी हँडल सरळ राहतं. पिकअपचा किंगपिनही तसाच कललेला असतो आणि वळणानंतर स्टिअरिंग सरळ आणतो. भार जास्त घेता यावा म्हणून मागे जादा पाटे टाकले की मागची बाजू उचलते, गाडी पुढे झुकते आणि हा कल कमी होतो. मग गाडी भरकटते आणि दोष बॉक्सवर जातो. समोरच्या पाट्यात आणि ॲक्सलमध्ये पाचरीसारखी पट्टी घालून कास्टर दुरुस्त करता येतं, पण आधी जादा पाट्यांचा फेरविचार व्हावा.

आणि क्रम उलटा करू नका. सैल सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यात बदलतं.

गैरसमज ६: वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करता येतो

वस्तुस्थिती: कधीच करू नये. पिटमन आर्म, ड्रॅग लिंक, नकल हे भाग ठरावीक ताकदीसाठी घडवलेले आणि प्रक्रिया केलेले असतात. भट्टीत किंवा गॅसने तापवल्यावर त्या पोलादाची ताकद बदलते आणि वेल्डिंग केलं, तर त्याच्या कडेला तडा सुरू होऊ शकतो. वाकलेला भाग बदलायचाच.

नवा भाग बसवतानाही दोन गोष्टी सांभाळा. बॉल जॉइंटची दांडी निमुळती असते, ती भोकात पूर्ण बसली पाहिजे. वेगळ्या मॉडेलचा जॉइंट "बसतोय ना" म्हणून ठोकला, तर उतार जुळत नाही आणि दांडी आत हलत राहते. कॅसल नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही, तर नट किंचित पुढे आवळा, मागे सैल करू नका. पिन नेहमी नवी घाला.

रुंद टायर आणि बाहेर काढलेल्या रिमचाही या भागांना त्रासच. त्यांनी गाडी भक्कम दिसते, पण स्टिअरिंग जड होतं आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का सांध्यांवर वाढीव ताकदीने येतो.

गैरसमज ७: फिटनेस मिळालं म्हणजे स्टिअरिंग उत्तम

वस्तुस्थिती: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ सांगतो की स्टिअरिंगचा मोकळा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट किंवा पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात. हा नियम उत्तम आहे, पण ३० अंश ही शेवटची मर्यादा आहे. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेवर जवळजवळ १० सेंटिमीटर. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. त्यातली काही मीटर स्टिअरिंग नुसतं मोकळं फिरण्यात गेली, तर समोरून येणाऱ्या एसटीसाठी किती जागा उरते? आमचे मिस्त्री दोन-अडीच सेंटिमीटरच्या वर गेलं की गाडीखाली जातात.

रबरी टोपीचाही अर्थ समजून घ्या. टोपी फाटली की पाणी आणि धूळ आत जातात, आणि मग ग्रीस कितीही भरलं तरी ते कानसेसारखं घासतं. निप्पल असेल तर नियमित ग्रीस द्या, पण फाटकी टोपी त्याच दिवशी बदला. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. या तपासण्यांच्या मधल्या हजारो किलोमीटरची जबाबदारी आपलीच असते.

काकांच्या गाडीला शेवटी टाय रॉडची दोन टोकं, ड्रॅग लिंकचं एक टोक, दोन्ही बाजूंचे किंगपिन आणि बुश, आणि त्यानंतर टो-इन, एवढंच लागलं. बॉक्स जुनाच राहिला, पॉवर स्टिअरिंगचे पैसे तसेच उरले. पुढच्या खेपेला मीही सोबत होतो. माळशेजच्या उतारावर एक वळण संपलं आणि काकांनी स्टिअरिंगवरची पकड किंचित सैल केली. ते हळूहळू तळव्यांमधून सरकलं आणि आपणहून सरळ झालं. काका काही बोलले नाहीत. पुढच्या वळणावर त्यांनी पुन्हा तसंच करून पाहिलं.