परदेशांत मुलांची ऊन न्याहरी

मुलगा परदेशीं बिऱ्हाड थाटूं लागला म्हणजे आईच्या मनांत पहिला विचार थंडीचा येतो, दुसरा तिकडच्या खर्चाचा. नातवाच्या वाटींत सकाळीं काय पडणार, हा विचार फार मागाहून सुचतो. आमचेंही तसेंच झालें. चिरंजीव २०२२ सालच्या ऑगस्टांत सहकुटुंब ग्लासगो शहरीं राहावयास गेले. सूनबाईनें बरोबर नाचणीच्या सत्त्वाचे दोन डबे नेले होते. ते ऑक्टोबर अखेर संपले, आणि नोव्हेंबरांत मी तेथें जाऊन पोहोंचलें तों पांच वर्षांच्या नातवाचे गाल बसलेले दिसले. शाळेंतून निरोप आला होता कीं, मुलगा दहाच्या सुमारास पेंगतो आणि खेळांत भाग घेत नाहीं.

पेंगेल नाहीं तर काय! तेथें डिसेंबरांत सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमारास, आणि शाळा भरते नऊला. काळोखांत, अंगावर चार थर चढवून घराबाहेर पडावयाचें; आणि पोटांत काय, तर थंड दुधांत भिजविलेले मक्याचे गोड पापुद्रे. सूनबाईला दोष देण्याचें कारण नाहीं. तिलाही आठाच्या गाडीनें कचेरी गांठावयाची असते, आणि मुलगा तेवढेंच खात होता. परंतु जन्मापासून ज्याला सकाळीं ऊन ऊन खिरीची संवय, त्याच्या पोटाला तें कसें पुरावें?

पुण्याहून आणखी डबे मागवावे हें पहिल्यानें सुचलें. येथें एक गोष्ट सांगून ठेवतें. भारतांतून येणाऱ्या प्रवाशास दूधदुभत्याचे पदार्थ ब्रिटनांत नेण्याची मनाई आहे, आणि त्यांत आपलें साजूक तूपही आलें. अमेरिकेंत प्रवाशाच्या सामानांतून आपल्याकडचा तांदूळ नेऊं देत नाहींत, कारण त्याबरोबर खापरा नांवाचा किडा शिरेल हें त्यांना भय. तेव्हां निघण्यापूर्वीं त्या त्या देशाचे नियम वाचावे, आणि तूप तेथेंच करावें. बिनमिठाचें लोणी कोणत्याही दुकानांत मिळतें. तें मंद आंचेवर कढविलें कीं तूप होतें. मात्र सायीची आशा धरूं नये. तिकडच्या बहुतेक दुधांतील स्निग्धांश यंत्रानें फोडून सर्वत्र सारखा मिसळलेला असतो, म्हणून कितीही तापविलें तरी आपल्यासारखी जाड साय धरत नाहीं. निळ्या झांकणाची बाटली ती सकस दुधाची, हिरव्या झांकणाची अर्धी साय काढलेल्याची आणि लाल झांकणाची निःसत्त्व दुधाची, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे झालें. मुलांना निळीच घ्यावी.

धान्याची खरी अडचण मिळण्याची नसून नांवाची असते, हें मला आठवड्याभरांत उमगलें. ग्लासगोच्या पोलोकशील्ड्स भागांत पंजाबी आणि पाकिस्तानी दुकानें पुष्कळ आहेत. तेथें ‘रवा’ म्हटलें तर कोणास कळेना. ‘सूजी’ म्हणतांच पिशवी पुढें आली. इंग्रजी दुकानांतील ‘सेमोलिना’ हाही रवाच, परंतु तो बहुधा इटालियन धाटणीच्या कठीण गव्हाचा, म्हणजे आपल्या बन्सी गव्हाच्या जातीचा. त्याची खीर शिजावयास जरा अधिक वेळ लागतो. न्यू जर्सींतील माझ्या भाचीनें कळविलें कीं, तिच्याकडे ‘क्रीम ऑफ व्हीट’ म्हणून जो डबा मिळतो, तो दुधांत शिजवून वर तूप-साखर घातली तर मुलें रव्याची खीर म्हणूनच खातात. हा पदार्थ १८९३ सालीं नॉर्थ डकोटांतील ग्रँड फोर्क्सच्या गिरणीवाल्यांनीं काढला. त्यांत वरून लोह घातलेलें असतें, हा आणखी एक लाभ.

लापशीच्या बाबतींत मात्र मीं हात पोळून घेतले. ‘बल्गर’ नांवाचा गव्हाचा भरडा दिसला, तो दलिया समजून नेहमींप्रमाणें तुपावर खरपूस भाजला, दुप्पट पाणी घातलें, आणि पातेल्यांत खळ तयार झाली! मागाहून कळलें कीं बल्गर हा गहूं आधींच उकडून, वाळवून मग भरडलेला असतो. त्याला पाणी बेतानें आणि आंच थोडीच लागते. कच्च्या गव्हाचा भरडा हवा असेल तर दुकानांत ‘दलिया’ असेंच मागावें. आणि ज्यांच्या घरीं खपली गव्हाच्या खिरीचा परिपाठ आहे त्यांनीं इटालियन दुकानांत ‘फारो’ शोधावा. त्या नांवाखालीं बहुधा खपलीच्याच जातीचा गहूं विकतात. पेजेसाठीं बासमती नको, तो मोकळा होतो. ‘पुडिंग राइस’ म्हणून जो आखूड दाण्याचा तांदूळ मिळतो, तो मऊ शिजतो. आंबेमोहोराचा वास नसला तरी मेतकूट घातल्यावर मुलास तो आठवत नाहीं. मला आठवतो, हा निराळा प्रश्न.

त्या देशाचें स्वतःचें ऊन खाणें म्हणजे ओट, आपण ज्यास जई म्हणतों तें धान्य. १७५५ सालच्या आपल्या कोशांत डॉक्टर जॉन्सन यांनीं, इंग्लंडांत घोड्यांस घालतात तें स्कॉटलंडांत माणसें खातात, अशी या धान्यावरून थट्टा केली; परंतु ज्यांची थट्टा झाली ते लोक तें आजही खात आहेत. वाफवून चपटे केलेले दाणे पांच-सात मिनिटांत शिजतात. नुसते कापलेले हवे तर रात्रीं भिजत घालावे लागतात. आमच्या नातवानें पहिल्या दिवशीं ‘बुळबुळीत’ म्हणून वाटी सारली. तो बुळबुळीतपणा त्या दाण्याचा गुणच आहे. मग मीं ते चमचाभर तुपावर शिऱ्यासारखे परतून घेतले आणि नंतर ऊन दूध घातलें. लाळ पुष्कळ कमी झाली, वेलदोड्याचा वास आला, आणि अर्धी वाटी संपली. सूनबाई म्हणाली, “आई, हें मलाही जमेल.” तेंच महत्त्वाचें होतें, मी कांहीं तेथें जन्मभर राहणार नव्हतें.

पण नाचणीचा ध्यास सुटेना. शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो आणि तांदळांत दहाच्या आसपास, हें वाचलें होतें. वाढत्या मुलाच्या हाडांस दुसरें काय हवें? ‘नाचणी’ कोणास कळेना. हिला कानडींत रागी म्हणतात, हिंदींत मंडुआ, गुजरातींत नागली. पूर्व आफ्रिकेंत तीच विंबी. आणि खरोखर तिचें माहेर आफ्रिकेंतच आहे. ती तेथून आपल्याकडे आली, हें तिचे अभिमानी विसरतात. अखेर डिसेंबरांत एका सिंहली माणसाच्या दुकानांत ‘कुरक्कन’ या नांवानें ती भेटली. पीठ होतें, आणि सुदैवानें आंतल्या बाजूस अख्खे दाणेही.

आतां मोड आणावयाचे कसे? पुण्यांत पंचा बांधून ठेवला कीं दुसऱ्या दिवशीं पांढरे अंकुर डोकावतात. ग्लासगोच्या थंडींत दोन दिवस झाले तरी दाणे जसेच्या तसे. मग सूनबाईनें युक्ति काढली. त्यांच्या घरांत गरम पाण्याच्या टाकीचें एक कपाट आहे, तेथें कपडे वाळवितात. त्यांत पुरचुंडी ठेवली आणि दीड दिवसांत मोड आले. वाळवावयास ऊन कोठलें? ओव्हन अगदीं मंद ठेवून, दार किंचित् उघडें टाकून दाणे सुकविले, कोरडेच भाजले, कॉफीच्या यंत्रांत दळले आणि मलमलींतून चाळले. हा खटाटोप निव्वळ हौसेचा नव्हे. मोड येतांना दाण्यांतील पिष्ट फोडणारें द्रव्य तयार होतें. त्यामुळें तीच पेज पातळ राहते, थोड्या वाटींत अधिक पीठ मावतें, आणि लहान पोटास तें सोसतें. शिवाय चुना व लोह अडवून धरणारा अंशही मोडांमुळें कमी होतो.

जानेवारींत शाळेचा निरोप पुन्हां आला नाहीं. गाल मात्र लगेच भरले नाहींत, उगीच कशास सांगूं.

फेब्रुवारींत एके दिवशीं नातू मित्राच्या घरून आला आणि म्हणाला, “आजी, त्यांच्याकडे मीठ घालतात. तूंही घाल.” स्कॉटिश घरांतून ओटांच्या लापशींत मीठच घालतात. मीं नाचणी शिजविली, निववून ताक व मीठ घातलें, आणि त्याच्यापुढें आमची कोंकणांतली आंबील ठेवली. त्यानें ती पिऊन टाकली आणि म्हणाला, “अगदीं त्यांच्यासारखी झाली.”

मार्चांत परततांना मीं दोन डबे पीठ करून ठेवलें. मे महिन्यांत सूनबाईनें कळविलें कीं, तें संपलें आहे. आतां शाळेच्या दिवशीं तुपावर परतलेले ओट असतात आणि नाचणी फक्त रविवारीं, ती सुद्धां तयार पिठाची.