मोटर न्यूरॉन डिसीज नेमका कशामुळे होतो? गुआम बेटावरच्या पिठापासून फुटबॉलच्या मैदानापर्यंतचा शोध

२०१४ मध्ये डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेणारे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आले असतील. ते आइस बकेट चॅलेंज एएलएस या आजारासाठी होतं. मोटर न्यूरॉन डिसीज म्हणजेच एमएनडीचा हा सर्वाधिक आढळणारा प्रकार. 'घरात कुणालाच नव्हतं, मग मलाच का?' हा प्रश्न यातल्या बहुतेक रुग्णांना पडतो.

या आजारात काय होतं?

स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरतात. हातातून वस्तू निसटते, पाय अडखळतो किंवा जीभ जड होते. पुढे गिळणं आणि श्वास घेणंही अवघड होतं. आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. साधारण १० टक्के रुग्णांच्या कुटुंबातच त्याचा इतिहास असतो. त्यामुळे उरलेल्यांच्या बाबतीत शास्त्रज्ञ अन्न, काम आणि परिसराकडेही पाहतात.

गुआममध्ये काय आढळलं?

दुसऱ्या महायुद्धानंतर पॅसिफिकमधल्या गुआम बेटावर चामोरो लोकांमध्ये या आजाराचं प्रमाण इतर जगाच्या ५० ते १०० पट असल्याचं दिसलं. आधी संशय आनुवंशिकतेवर गेला. पण पुढच्या काही दशकांत प्रमाण झपाट्याने घटलं. जनुकं इतक्या लवकर बदलत नाहीत.

चामोरो लोक सायकॅड झाडाच्या विषारी बिया पाण्यात भिजवून, वाळवून त्यांचं पीठ करत. या बियांमध्ये बीएमएए नावाचं विषारी द्रव्य सापडलं. मात्र धुतलेल्या पिठात ते फारच कमी उरतं, असा आक्षेप आला. २००२ मध्ये दुसरी शक्यता मांडली गेली: या बिया खाणारी मोठी वटवाघळं लोकांच्या जेवणात होती, विष तिथून आलं असेल. वाद अजून मिटलेला नाही.

आणखी कुठे धागे मिळाले?

फ्रान्सच्या आल्प्समधल्या मोंशावँ या छोट्या गावात काही दशकांत एएलएसचे १४ रुग्ण आढळले. २०२१ च्या अभ्यासानुसार, हे रुग्ण खोट्या मोरेल जातीच्या विषारी रानटी अळंब्या खात होते.

१९९१ च्या आखाती युद्धात गेलेल्या अमेरिकी सैनिकांमध्ये जोखीम जवळपास दुप्पट दिसली. स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये एमएनडीने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सुमारे चौपट होतं. धूम्रपान, कीटकनाशकं आणि शिशाशी संपर्क यांचाही संबंध अनेक अभ्यासांत दिसतो.

म्हणजे सिगारेट ओढणाऱ्याला एमएनडी होणारच?

नाही. जोखीम वाढवणारा घटक आणि आजाराचं कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपात दरवर्षी एक लाख लोकांत साधारण दोन-तीन जणांना हा आजार होतो. जोखीम दुप्पट झाली, तरी आकडा लाखात चार ते सहा एवढाच होतो. 'अमुक खाल्लं की एमएनडी होतो' असा फॉरवर्ड आला, तर हे गणित आठवा.

२०१४ मधल्या एका अभ्यासाने असं सुचवलं की एएलएस सुरू होण्याआधी शरीरात साधारण सहा टप्पे पार पडावे लागतात. काही टप्पे जन्मतः पार झालेले असू शकतात, काही आयुष्यात पुढे घडतात. त्यामुळे एकाच शेतात फवारणी करणाऱ्या दोघांपैकी एकालाच आजार होऊ शकतो.

मग काय करायचं?

तंबाखू टाळा, फवारणी करताना मास्क आणि हातमोजे घाला, डोक्याला मार लागू देऊ नका. एमएनडी टळेल याची हमी नाही, पण इतर अनेक आजारांपासून बचाव नक्की होतो. हातापायातली ताकद सतत कमी होत असेल किंवा बोलताना शब्द अडखळत असतील, तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

आणि घरात कुणाला हा आजार असेल, तर 'तू हेच खाल्लंस, तेच केलंस' असं त्यांना ऐकवू नका. एका रुग्णाच्या बाबतीत नेमकं कारण आज डॉक्टरही सहसा सांगू शकत नाहीत.