अपराध्यांची परिवीक्षा : प्रकार आणि गावाची जबाबदारी

समजा, एका गावातील १९ वर्षांच्या तरुणाने शेजाऱ्याच्या विहिरीवरील पाण्याची मोटर चोरली. खटला चालून गुन्हा शाबीत झाला. तथापि तरुण तुरुंगात न जाता घरी परतला. ‘सुटला’, अशी कुजबुज गावात सुरू होते. वस्तुतः तो सुटलेला नसतो; न्यायालयाने त्यास परिवीक्षेवर ठेवलेले असते.

जामीन हा सामान्यतः खटल्याचा निकाल लागेपर्यंत असतो. पॅरोल शिक्षा भोगत असलेल्या कैद्यास मिळतो. परिवीक्षा या दोहोंहून वेगळी आहे. तीत अपराध सिद्ध झालेला असतो, पण शिक्षा सुनावणे न्यायालयाने रोखून धरलेले असते. प्रथमच वाट चुकलेला माणूस सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाऊ नये, हा त्यामागील हेतू होय. मुंबई प्रांतात यासाठी १९३८ मध्येच कायदा झाला होता. पुढे संसदेने अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ संमत केला.

या अधिनियमाखाली न्यायालयापुढे मुख्यतः तीन मार्ग असतात. पहिला, ताकीद देऊन सोडण्याचा. चोरी, फसवणूक यांसारखे कलम ३ मध्ये नमूद केलेले काही अपराध, तसेच दोन वर्षांपर्यंत कैदेस पात्र असलेले अपराध यांना तो लागू पडतो. मात्र पूर्वीची दोषसिद्धी नसावी लागते. दुसरा, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचा. मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र नसलेल्या अपराधांत, कलम ४ अन्वये, अधिकाधिक तीन वर्षांच्या मुदतीचे बंधपत्र जामीनदारासह किंवा त्याविना घेता येते. तिसरा मार्ग म्हणजे या बंधपत्राला पर्यवेक्षणाची जोड देण्याचा. अशा वेळी अपराध्यास किमान एक वर्ष परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राहावे लागते. राहण्याचे ठिकाण, मद्यवर्जन आदी अटीही घालता येतात. यांपैकी कोणत्याही मार्गाचा अवलंब करताना, ज्याचे नुकसान झाले त्यास भरपाई देण्याचा आदेश कलम ५ अन्वये करता येतो.

एकवीस वर्षांखालील अपराध्यांसाठी कलम ६ विशेष महत्त्वाचे आहे. अपराध जन्मठेपेस पात्र नसेल, तर परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून त्याचा विचार केल्याखेरीज व कारणे नोंदविल्याखेरीज न्यायालयास अशा तरुणास कैद देता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलांची प्रकरणे मात्र बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे चालतात.

अटींचा भंग झाल्यास न्यायालय मूळ अपराधाची शिक्षा देऊ शकते. याउलट, कलम ३ वा ४ खाली सोडलेल्या व्यक्तीस दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता कलम १२ अन्वये लागू होत नाही. तथापि, दोषसिद्धी त्यामुळे पुसली जात नाही. मूळ गैरवर्तनाबद्दल शासकीय कर्मचाऱ्यावर खात्यामार्फत कारवाई होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले आहे.

कायद्याची ही चौकट गावाच्या साहाय्याविना पोकळ ठरते. बंधपत्रावर सोडण्यापूर्वी अपराध्याचे वा त्याच्या जामीनदाराचे निश्चित वास्तव्य किंवा नियमित व्यवसाय आहे, याबद्दल न्यायालयाची खात्री व्हावी लागते. परिवीक्षा अधिकारी अपराध्याच्या घरची स्थिती व स्वभाव यांची चौकशी करतो. अशा वेळी शिक्षक, सरपंच व पंचायत सदस्य यांनी दिलेली माहिती मोलाची असते. ती भिडेपोटी गोड वा आकसापोटी कडू असू नये, खरी असावी. अधिकाऱ्याचा अहवाल गोपनीय असतो. म्हणून त्याच्याशी झालेले बोलणे चावडीवरील चर्चेचा विषय होता कामा नये.

परिवीक्षेवरील व्यक्तीस काम मिळवून देणे हे परिवीक्षा अधिकाऱ्याच्या कर्तव्यांपैकी एक आहे. परंतु ते काम अखेर गावातील कोणीतरीच देणार असते. मोटर चोरणाऱ्या त्या तरुणास कोणी मजुरीवर घेतले नाही, तर न्यायालयाने मिटलेले तुरुंगाचे दार गावच पुन्हा उघडेल. मोटर गमावलेल्या शेजाऱ्यास भरपाई आणि चुकलेल्या तरुणास कष्टाची भाकरी, या दोन्ही गोष्टी साधल्या तरच परिवीक्षेचा हेतू सफल झाला, असे म्हणता येईल.