तीन दारांमधला प्राध्यापक

कॉलेज रोडवरचं एचपीटी १९२४ सालचं, गंगापूर रोडवरचं केटीएचएम १९६९चं. नाशिकच्या अशा अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकाला नेमते संस्था, त्या नेमणुकीला मान्यता देतं पुणे विद्यापीठ आणि पगार करतं राज्य सरकार. तक्रार घेऊन गेलं की प्रत्येक जण पुढच्या दाराकडे बोट दाखवतो. प्राध्यापकांच्या सगळ्या लढ्यांचं मूळ मला या रचनेतच दिसतं. पुणे विद्यापीठातली 'पुक्टो' आणि राज्यभराची 'एमफुक्टो' या प्राध्यापकांच्या संघटना लागल्या त्या यामुळेच.

सर्वांत मोठी झुंज २०१३ची. ४ फेब्रुवारीला परीक्षांच्या कामावर बहिष्कार सुरू झाला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी ही एक मागणी होती. दुसरी मला जास्त जिव्हाळ्याची वाटते. १९ सप्टेंबर १९९१ला प्राध्यापक होण्यासाठी नेट-सेट या पात्रता परीक्षांची अट आली, पण ती पात्रता असलेली माणसं पुरेशी मिळेनात. वर्ग तर चालवायचे होते, म्हणून संस्थांनी बिगर नेट-सेट शिक्षक घेतले. त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं, पेपर काढले, तपासले आणि तरीही कागदावर ते अधांतरीच राहिले. त्यांची सेवा नियमित करा, ही ती दुसरी मागणी.

विद्यार्थ्यांचे हाल झाले, हे मान्यच करायला हवं. निकाल लांबणार या धास्तीनं घराघरांत झोप उडाली होती. पण तास बुडाले तर मंत्रालय हलत नाही. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सुतळीही न सुटता पडून राहिले, तेव्हा सरकारला जाग आली. मेस्माचा, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायद्याचा, इशारा झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि १० मेला, ९६व्या दिवशी, बहिष्कार संपला. पुढे त्या काळातला ७१ दिवसांचा पगार अडला, त्यासाठीही कोर्टाची पायरी चढावी लागली.

२७ जून २०१३च्या शासन निर्णयानं १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या बिगर नेट-सेट शिक्षकांची सेवा नियमित झाली, पण त्या निर्णयाच्या तारखेपासून! १९९३ला रुजू होऊन वीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस सरकारी हिशेबात नवखा ठरला. जुनी पेन्शन १ नोव्हेंबर २००५पूर्वी लागलेल्यांना. म्हणजे तीही धोक्यात. पुन्हा वकील, पुन्हा तारखा. हा अन्याय मला आजही सलतो.

आणि सीएचबीवाले? तासिका तत्त्वावरच्या या शिक्षकांचा प्रश्न २०१८च्या आंदोलनात ऐरणीवर आला आणि पदवीच्या तासाचे ३००चे ५०० रुपये झाले. तास झाला तर पैसे. दिवाळीच्या सुटीत काहीच नाही. माझ्या ओळखीतले एक सर सकाळी एका कॉलेजात शिकवतात, दुपारी डबा खाऊन गाडीला किक मारून दुसऱ्या कॉलेजात जातात. महिनाअखेरीला तासांची वही घेऊन विभागप्रमुखांच्या सहीसाठी थांबतात. पीएच.डी. झाली, सेटही झाली. तरी जून आला की त्याच जागेसाठी पुन्हा अर्ज आणि पुन्हा मुलाखत. सगळ्या नेमणूकपत्रांची त्यांनी एक फाईल केली आहे आणि त्यातल्या प्रत्येक पत्रात नेमणूक संपण्याची तारीख आधीच छापलेली आहे.