पोकळी फुगते, पोकळी मिटते

२० सप्टेंबर २०२४ रोजी पुण्याच्या बुधवार पेठेत, सिटी पोस्टाच्या आवारात, महापालिकेचा एक ट्रक जमिनीत गेला. पेव्हर ब्लॉक खचले आणि पाहता पाहता अख्खी गाडी खड्ड्यात. चालक वाचला. तिथे पूर्वी विहीर होती, असे नंतर सांगण्यात आले. नऊच दिवसांनी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला. तेव्हा गप्पांचा रोख बोगद्याकडे वळला यात नवल नाही. पण बोगदा आणि विहीर या दोन पोकळ्या एका मापाने मोजता येतात का?

जमिनीतली पोकळी कशी वागते याचे एक गणित आहे. त्याला आपण पोकळी-प्रसरणाचे गणित म्हणू. मळलेल्या चिकणमातीत एक फुगा पुरला आहे आणि त्यात आपण हळूहळू हवा भरतो आहोत, असे समजा. सुरुवातीला माती थोडी सरकते. हवा सोडली तर परत जागेवर येते. दाब वाढवत गेलो की फुग्यालगतची माती हार मानते, कायमची सरकते. तिच्याभोवती अशा हरलेल्या मातीचे एक कडे तयार होते आणि ते रुंदावत जाते. शेवटी अशी वेळ येते की दाब जवळपास तेवढाच राहतो आणि फुगा मात्र मोठा होतच राहतो. हा मर्यादा-दाब.

यातला पहिला, परत फिरणारा टप्पा फ्रान्सच्या लामे यांनी १८५२ च्या आपल्या ग्रंथात जाड भिंतीच्या नळ्यांसाठी मांडला होता. धातूत टोचा घुसताना काय होते याचा विचार बिशप, हिल आणि मॉट यांनी १९४५ मध्ये केला. तोफखान्याच्या आणि कारखान्याच्या दुनियेतले हे सूत्र मातीत आले ते पुढच्या दीड दशकात. लुई मेनार या फ्रेंच अभियंत्याने १९५० च्या दशकात विंधनछिद्रात उतरवून फुगवायचे रबरी नळकांडे बनवले. गिब्सन आणि अँडरसन यांनी १९६१ मध्ये त्याच्या वाचनातून चिकणमातीचे बळ काढण्याची रीत दिली. मला यातली गंमत अशी वाटते की मातीचा नमुना प्रयोगशाळेत न नेता, ती आहे तिथेच तिला ढोसून तिची प्रकृती विचारता येते.

एक आकडा पाहू. मातीचा एक थर दुसऱ्यावरून घसरवायला जे बळ लागते ते तिचे कर्तनबल. मातीचा ताठपणा या बळाच्या शंभरपट असेल, तर लांब नळकांड्यासारखी पोकळी अमर्याद फुगवायला जमिनीत मुळात असलेल्या दाबाखेरीज कर्तनबलाच्या सुमारे साडेपाचपट दाब लागतो; गोल पोकळीला सुमारे साडेसातपट. जमिनीत ठोकलेला खांब टोकाशी किती भार पेलेल, याचा अंदाज याच हिशेबातून निघतो, कारण खांब म्हणजे तरी काय, मातीत जागा करत घुसणारी पोकळीच.

बोगद्यात हेच उलटे चालते. माती बाहेर काढली की भोवतालची जमीन आत झुकते. बोगद्यापासून अंतर दुप्पट झाले की सरकणे साधारण निम्मे होते. पृष्ठभागावर त्याची एक उथळ, रुंद खळी उमटते. साडेसहा मीटर व्यासाच्या, वीस मीटर खोल बोगद्याने मऊ मातीत एक टक्का जागा गमावली, तर मध्यावर जमीन सुमारे १३ मिलिमीटर बसेल. वाड्याच्या विटांच्या भिंतीला तेवढे पुरते, पण ट्रक गिळायला तेरा मिलिमीटर पुरत नाहीत. शिवाय पुण्यात यंत्रे (त्यांना ‘मुठा’, ‘मुळा’ आणि ‘पवना’ अशी नावे दिली होती) बहुतांशी काळ्या कातळातून गेली, तिथे झुकणे याहून कितीतरी कमी.

मग धोका कुठे? वरच्या थरात. गणित धरून चालते की जमीन सगळीकडे एकसारखी आहे आणि तिला अंत नाही. कसब्याची जमीन तशी नाही. कातळावर मुरूम, मुरमावर शतकानुशतकांच्या वस्तीची पांढरी: राख, खापऱ्या, पडलेल्या भिंती. तिच्यातच माणसांनी करून ठेवलेल्या पोकळ्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पाणी आणणारा दगडी नळ, त्यावरचे उच्छ्वास, तो ज्या हौदांत पडे ते हौद. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात एक जुना भुयारी पाणीमार्ग लागला, तेव्हा काहींना आश्चर्य वाटले. खरे तर लागला नसता तरच वाटायला हवे होते.

जुन्या विहिरीची चाल वेगळी असते. तिच्या तोंडावर फरशी बसली, आत राडारोडा अर्धवट भरला, की वरची माती कमान धरून उभी राहते. पाणी झिरपत राहते, भर खाली बसते, कमानीखालची मोकळी जागा वाढते. मिलिमीटर मोजणारी उपकरणे बराच काळ काही सांगत नाहीत, कारण पृष्ठभाग जागेवरच असतो. एक दिवस वर जड चाक येते.

हे कुठल्याही सूत्रात आधी घालता येते, पण विहीर कुठे आहे हे ठाऊक असेल तरच. नळ घरोघरी आले तसे वाड्यांतले आड बुजवले गेले. वाडे पाडून इमारती उठल्या तेव्हा त्यांच्यावर पार्किंग आले. पेठेत बांधकाम किंवा खोदाई करण्याआधी भूभेदी रडार फिरवावेच, आणि जुन्या खरेदीखतांत ‘आडासह’ असा उल्लेख आहे का, तेही पाहावे. शेजारच्या आजींना आड कोणत्या चौकात होता ते अजून आठवत असते.