दुचाकीचा आरसा आणि दंडाची पावती

चौकात शिट्टी वाजते. स्कूटरवाला थांबतो. परवाना आहे, हेल्मेट आहे. पण आरशाच्या जागी नुसती दांडी! दंडाचे नाव ऐकताच तो म्हणतो, "अहो साहेब, आरशावाचून गाडी अडते का?"

अडत नाही, पण मागचे पाहायला मान वळवावी लागते. ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 14 मीटर जाते. तेवढा रस्ता समोर न पाहताच कापला जातो! म्हणून तर केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये मागची रहदारी दाखवणाऱ्या आरशाची अट आहे. किरकोळ नियमभंगांसाठी मोटार वाहन कायद्यात कलम 177 आहे. त्यातील पहिल्या गुन्ह्याच्या दंडाची मर्यादा 1 सप्टेंबर 2019 पासून 100 रुपयांवरून 500 रुपये झाली.

दंड भरून हा गृहस्थ काचवाल्याकडे जातो आणि साध्या आरशाचा तुकडा कापून बसवून घेतो. पुढच्या चौकात त्याला कोणी अडवणार नाही. पण काम झाले का?

समजा, आरसा 10 सेंटिमीटर रुंद आहे आणि डोळ्यापासून 60 सेंटिमीटरवर आहे. आरसा सपाट असेल, तर 20 मीटर मागे रस्त्याची जेमतेम साडेतीन मीटर रुंदी दिसेल. शेजारून येणारी मोटारसायकल त्यात सापडणारच नाही. त्याऐवजी 60 सेंटिमीटर नाभीय अंतराचा बहिर्वक्र आरसा लावला, तर हीच रुंदी पावणेसात मीटर होते. जवळजवळ दुप्पट!

मात्र हा लाभ फुकटचा नाही. बहिर्वक्र आरशातील प्रतिमा आभासी, सुलट आणि लहान असते. वरच्या उदाहरणात 20 मीटरवरचा ट्रक सपाट आरशातल्यापेक्षा निम्म्याच आकाराचा दिसतो. जणू तो 40 मीटरवर आहे. तो तुमच्यापेक्षा सेकंदाला 10 मीटर अधिक वेगाने येत असेल, तर तुम्हाला वाटेल चार सेकंद हाताशी आहेत. असतात दोनच! काही मोटारींच्या आरशांवर, वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ आहे, अशी सूचना इंग्रजीत छापलेली असते, ती यासाठीच.

तडकलेल्या आरशाची तऱ्हा निराळी. आरसा जितका कलतो, त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण वळतो. एखादा तुकडा 2 अंश कलला, तर किरण 4 अंश वळणार. 20 मीटरवर हा फरक जवळजवळ 1.4 मीटर होतो. म्हणजे एका तुकड्यात ट्रक, तर शेजारच्या तुकड्यात मोकळा रस्ता! सैल दांडीवर डुगडुगणारा आरसाही हाच घोटाळा करतो.

घरच्या गाडीचा आरसा कोणता, हे पाहायचे आहे? गाडी उभी असताना पट्टीची सरळ कड त्यावर टेकवा. सपाट असेल तर ती पूर्ण टेकेल. वरच्या उदाहरणातला बहिर्वक्र आरसा असेल, तर ती फक्त मध्यावर टेकेल आणि दोन्ही टोकांशी सुमारे एक मिलिमीटरची फट राहील.