कुंपण कोणाचे, झटका कोणाला?

कोलार आणि कन्हान नद्यांच्या काठचा खापरखेडा परिसर बाहेरच्यांना माहीत आहे तो औष्णिक वीज केंद्रामुळे आणि कोळसा खाणींमुळे. पण या धुराड्यांच्या पलीकडे सावनेर आणि पारशिवनी तालुक्यांची शेती आहे. कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा, संत्रा ही इथली पिके. या पिकांचे रात्रीचे वैरी दोन : रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय. डुकरांचा कळप एका रात्रीत एकरभर हरभऱ्याचा नांगरलेला उकिरडा करून जातो, आणि शेतकरी कुंपणाचा विचार करू लागतो.

वाचकहो, आपल्याकडे हे प्राणी परके नाहीत, ते इथल्याच मातीचे आहेत. अमेरिका व ऑस्ट्रेलियात मात्र रानडुक्कर माणसाने नेले, मोकाट सुटले आणि उपद्रवी ठरले. डेन्मार्कने तर जर्मनीकडून येणाऱ्या डुकरांबरोबर स्वाइन फीवर येऊ नये म्हणून २०१९ साली सीमेवर सुमारे ७० किलोमीटर लांबीचे कुंपण घातले. ऑस्ट्रेलियात १८५९ साली शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून आणलेले ससे सोडले गेले. त्यांची संख्या इतकी वाढली, की पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात तीन हजार किलोमीटरांहून अधिक लांबीची तीन कुंपणे उभारली. ती पुरी होण्याआधीच ससे पलीकडे पोहोचले होते. शेवटी १९५० मध्ये सशांना मारणारा विषाणू सोडावा लागला.

यातून घेण्यासारखा धडा सरळ आहे. कुंपणाने प्राणी संपत नाही, तो दुसरीकडे वळतो. गावात दहा एकरवाल्याने तारेचे कुंपण घातले, की कळप शेजारच्या दोन एकरवाल्याच्या शेतात शिरतो. ज्याच्याजवळ पैसा नाही तो जुन्या साड्या बांधतो, बोरी-बाभळीच्या काट्या लावतो आणि रात्रभर जागल करतो. म्हणजे एकाचे नुकसान टळत नाही, ते फक्त गरिबाच्या बांधावर सरकते.

याहून भयंकर प्रकार आहे तो तारेत सरळ वीज सोडण्याचा. खांबावर आकडा टाकून किंवा मोटारीच्या जोडणीवरून २३० व्होल्टचा प्रवाह उघड्या तारेत सोडला जातो. तार डुकरासाठी असते, पण अंधारात तिला ओळखतो कोण? पहाटे कापूस वेचायला निघालेली बाई, ओलित करायला गेलेला मजूर, कधी तार लावणारा स्वतःच तिच्यावर पडतो. हा प्रवाह सतत वाहतो, स्नायू आखडतात आणि हात तारेवरून सुटत नाही. हा वीजचोरीचा गुन्हा तर आहेच, पण माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचाही गुन्हा होतो. वाघ-बिबट मेल्यास १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो.

सौर कुंपणाची गोष्ट वेगळी आहे. त्याला शेतकरी 'झटका मशीन' म्हणतात. पत्र्यावर तयार झालेली वीज बॅटरीत साठते आणि यंत्र साधारण सेकंदाला एकदा क्षणाच्याही लहान अंशाचा झटका सोडते. झटका जोराचा बसतो, पण दोन झटक्यांमधल्या वेळात जनावर किंवा माणूस तारेपासून दूर होऊ शकतो. मात्र त्याच तारेला घरची वीज जोडली, की ती मृत्यूची तार होते. तारेखालचे गवत कापले नाही, तर झटका जमिनीत जिरतो. अशा कुंपणासाठी वनालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते.

भरपाईसाठी नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज करावा लागतो, मग पंचनामा होतो. पण अर्जाला सातबारा लागतो. मक्त्याने शेती करणारा, वनजमीन वा गायरान कसणारा यांचे नाव त्यावर नसते. घाम त्यांचा, पीक त्यांचे, आणि पैसा कागदावरच्या मालकाचा! म्हणून मक्त्याचा व्यवहार तोंडी न ठेवता लिहून घ्यावा आणि नुकसानभरपाई कोणाला, हेही त्यात नमूद करावे.

घरच्या मंडळींनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अनोळखी शेतात अंधारात शिरू नये. कामाला जाण्यापूर्वी 'तारेत वीज आहे का?' हे मालकाला स्पष्ट विचारावे. यात लाजण्यासारखे काही नाही. कोणी तारेला चिकटला, तर त्याला हात लावू नये. आधी वीज बंद करावी. ते जमले नाही तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकलावे. विजेच्या तक्रारीसाठी १९१२ व वनखात्यासाठी १९२६ हे क्रमांक घरात लिहून ठेवावेत.

कुंपण एकेकट्याचे असेल तर ते शेजाऱ्याचे संकट ठरते. लागून शेती असलेल्या दहा-पंधरा जणांनी मिळून एकच सौर कुंपण घातले, तर खर्च वाटला जातो आणि लहान शेतकरीही आत येतो. ग्रामसभेत हा विषय मांडा. आणि ज्या परिसरात साऱ्या महाराष्ट्रासाठी वीज तयार होते, तिथे त्याच विजेने मजुराचा जीव जाता कामा नये, असा ठरावही त्याच सभेत करून घ्या.